सत्तेतली माणसं विवाहबाह्य भानगडींत सापडतात, ती का आणि कशी?

राजवाडा_चौक

नमस्कार मंडळी. २०१९च्या सप्टेंबरात आपल्या पलासिया थान्यात हनी ट्रॅपची, म्हणजे जवळीक साधून फिती काढायच्या आणि पैसे उकळायचे अशा प्रकाराची, तक्रार नोंदवली गेली. तेव्हापासून इंदुरात हा विषय निघाला की गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "सत्ता आली की माणूस वाहवतोच." मला हे उत्तर अपुरं वाटतं. जो माणूस फाइलीवर सही करताना तीनदा विचार करतो, फोनवर व्यवहाराचा शब्द काढत नाही, तोच या एका बाबतीत इतका बेसावध कसा राहतो?

सत्तेतली माणसं खरोखर जास्त घसरतात, की इतरांइतकीच घसरतात आणि फक्त जास्त उघडी पडतात? प्रकरण बाहेर येतं ते नेमकं कोणत्या वाटेनं? आणि काहींची खुर्ची आठवड्याभरात जाते, काहींच्या केसालाही धक्का लागत नाही, असं का?

कोणत्या पक्षाचा कोण, ही यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे. कायदा, बातमीदारी, मानसशास्त्र किंवा होळकरांचा इतिहास जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

नवलखा_मानस

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. यावर सर्वात जास्त उद्धृत होणारा अभ्यास योरिस लामर्स आणि सहकाऱ्यांचा आहे. तो २०११मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. नेदरलँड्समधल्या १,५६१ नोकरदार-व्यावसायिकांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतली होती. ज्याचं पद वरचं, त्यानं जोडीदाराशी प्रतारणा केल्याची कबुली देण्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. आता यातला महत्त्वाचा भाग. घरापासून लांब राहणं आणि धोका कमी लेखणं, ही आपण सहज पुढे करतो ती दोन्ही कारणं संशोधकांनी तपासली, पण त्यांनी हा संबंध उलगडला नाही. उलगडला तो आत्मविश्वासानं, म्हणजे 'मी समोरच्याला हवासा वाटतो' या खात्रीनं. आणि अधिकारावरच्या स्त्रियांमध्येही हाच कल दिसला. "पुरुषाची जातच तशी" हे उत्तर तिथेच कमकुवत होतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. माणसांनी स्वतःबद्दल दिलेली ही उत्तरं आहेत, त्यात राजकारणी वेगळे काढलेले नव्हते, आणि परस्परसंबंध म्हणजे कारण नव्हे. तरी ती 'खात्री' येते कुठून, हे आपल्याकडे डोळ्यांनी दिसतं. मंत्र्याच्या बंगल्यावर सकाळी लोक भेटायला येतात तो प्रसंग घ्या. शंभर माणसं उभी असतात, कुणी वाकून पाया पडतं, कुणाच्या हातात चार घड्या घातलेला बदलीचा अर्ज. साहेबांच्या साध्या बोलण्यालाही सगळे मान डोलावतात. जी व्यक्ती हसून बोलते तिचं हसू त्या अर्जावरच्या सहीसाठी असतं. हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की माणूस ते हसू स्वतःच्या खात्यावर जमा करू लागतो. गरजेपोटी आलेला आदर आणि आकर्षण यांतला फरक कळेनासा होतो. फरक दाखवून देणारं माणूस जवळ उरलेलं नसतं, कारण जो 'नाही' म्हणाला तो केव्हाच बाजूला पडलेला असतो.

म्हणून माझं मत असं: थोडे जास्त घसरतात, आणि उघडे कितीतरी पटींनी जास्त पडतात. दुसऱ्या भागावर बातमीदारीतल्या लोकांनी लिहावं.

रेसिडेन्सी_वार्ताहर

मानसदादांचं बरोबर आहे. उघडं पडण्याचा हिशेब मी मांडतो.

सामान्य माणसाला चोरून भेटायला एक फोन आणि एक स्कूटर पुरते. मंत्र्याला ते जमत नाही, कारण तो एकटा कधीच नसतो. सुरक्षारक्षकाची ड्यूटी कुठे होती याची नोंद होते. सरकारी गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर, वेळ आणि ठिकाण लिहावं लागतं. दौऱ्याचा कार्यक्रम आधीच कलेक्टर आणि एसपींकडे जातो. 'रात्री विश्राम, रेसिडेन्सी कोठी' (इथलं सरकारी विश्रामगृह) असं त्यात छापलं असेल आणि गाडी रात्री अकरानंतर तीस-पस्तीस किलोमीटर जास्त चाललेली असेल, तर ते आकडेच बोलतात. सर्किट हाउसच्या रजिस्टरात खोली नंबर, येण्या-जाण्याची वेळ. हॉटेलात ओळखपत्राची प्रत. टोलनाक्यावर फास्टॅग. दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी निदान दोन वर्षं सांभाळाव्या लागतात (डिसेंबर २०२१पासून, त्याआधी एक वर्ष). त्यात बोलणं नसतं, पण कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरखालून, एवढं असतं. तेवढं पुरतं.

म्हणजे ड्रायव्हर, गनमॅन, स्वीय सहायक, खानसामा आणि फोन लावून देणारा, अशा चार-पाच जणांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. साहेब चढतीवर असेपर्यंत अळीमिळी गुपचिळी. बातम्या फुटतात त्या बदल्यांच्या, तिकीटवाटपाच्या आणि मंत्रिमंडळ विस्ताराच्या हंगामात. आणि बहुतेक वेळा विरोधी पक्षाच्या आधी स्वतःच्याच पक्षातला तिकिटाचा दावेदार किंवा दुखावलेला सहायक पुढे असतो. विरोधकाला साहेबांच्या रात्रीचा पत्ता माहीत नसतो, घरच्याला असतो. वृत्तसंस्थेत क्लिप आली की पहिला प्रश्न 'खरी का?' हा विचाराच, पण दुसरा प्रश्न 'आजच का आली?' हा तितकाच महत्त्वाचा. त्याचं उत्तर नसेल तर तुम्ही कुणाचं तरी हत्यार होताय.

जे लपवायची खटपट करतात ते त्या खटपटीमुळेच सापडतात, याची तीन उदाहरणं बघा.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर, मार्च २००८. वेश्याव्यवसायाच्या एका टोळीला पैसे पाठवताना त्यांनी दहा हजार डॉलरपेक्षा मोठी रक्कम छोट्या तुकड्यांत पाठवली, वर स्वतःचं नाव व्यवहारातून काढायला बँकेला सांगितलं. बँकेनं संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिला. तपास सुरू झाला तो लाचखोरीच्या संशयावरून. बाईचं प्रकरण नंतर हाती लागलं. स्पिट्झर स्वतः आधी राज्याचे महाधिवक्ता होते, पैशाचा माग कसा काढतात हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये सीआयएचे प्रमुख डेव्हिड पेट्रेयस गेले. त्यांनी आणि त्यांच्या प्रेयसीनं एकच ईमेल खातं वापरायचं आणि मेल न पाठवता मसुद्यातच ठेवून वाचायचा, अशी त्यांची युक्ती होती. तिसऱ्याच एका व्यक्तीला आलेल्या धमकीच्या मेलांचा माग काढताना एफबीआय त्या खात्यापर्यंत पोचली. जून २०२१मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक सहकारी महिलेबरोबर स्वतःच्याच कार्यालयातल्या सीसीटीव्हीत सापडले आणि गेले. त्यातही राजीनाम्याचं कारण कोविडचा अंतर-नियम मोडल्याचं होतं. लोकांना घरात कोंडणारा नियम त्यांच्याच खात्याचा होता.

आपल्याकडे बँका दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला देतात, आणि संशयास्पद व्यवहाराला तर रकमेची किमान मर्यादाच नाही. पाचशे रुपयांचाही चालतो.

२०१९च्या प्रकरणाबद्दल एक नोंद. तक्रार करणारा इंदूर नगर निगमचा (महापालिकेचा) अभियंता पुढे निलंबित झाला. तपास एसआयटीकडे, म्हणजे विशेष तपास पथकाकडे गेला आणि थोड्याच दिवसांत तिचे प्रमुख एकदा नाही, दोनदा बदलले. कुणाकडे कशाची प्रत आहे यावरच तिथला सगळा तोल होता. अशा प्रकरणात एक दृश्यफीत असते ती दहा हार्ड डिस्कांवर जाते, आणि प्रत्येक प्रतीचा मालक नवा सौदागर होतो.

होळकर_बखर

राजवाडा_चौक, इंदुरात हा विषय १९२५ वगळून होऊच शकत नाही.

मुमताज बेगम नावाची नर्तकी तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयाला होती. ती इंदूर सोडून गेली आणि मुंबईत अब्दुल कादिर बावला या धनिक व्यापाऱ्याकडे राहू लागली. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला. बावला गोळ्या लागून मेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. योगायोगानं गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि त्यांनी हल्लेखोरांपैकी काहींना जागीच धरलं. ते आले नसते तर मुमताज तिथून पळवून नेली गेली असती.

पकडलेल्यांत इंदूर संस्थानच्या नोकरीतली माणसं निघाली. मुंबई हायकोर्टात खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली, काहींना जन्मठेप. आरोपींपैकी आनंदराव फणसे यांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे होते. महाराजांवर स्वतःवर खटला कधीच चालला नाही. त्यांच्यापुढे चौकशी आयोग किंवा गादी सोडणं असे दोन पर्याय ठेवले गेले, आणि फेब्रुवारी १९२६मध्ये त्यांनी यशवंतरावांसाठी गादी सोडली.

नीट पाहा, नर्तकीला दरबारात आश्रय होता याबद्दल ब्रिटिश सरकारनं वर्षानुवर्षं ब्र काढला नव्हता. गादी गेली ती संस्थानची माणसं ब्रिटिश हद्दीत खुनात सापडली म्हणून. खासगी हट्टासाठी राज्ययंत्रणा वापरली जाते तिथे प्रकरण खासगी राहत नाही.

बडोद्याचंही बघा. सयाजीरावांच्या त्या संस्थानात हिंदूंना दुसऱ्या लग्नाची बंदी होती, तरी प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४३मध्ये सीतादेवींशी दुसरं लग्न केलं. राजाला तो कायदा लागू नाही, असा पवित्रा घेतला गेला. तेव्हा ते निभावलं. १९५१मध्ये भारत सरकारनं त्यांची मान्यता काढली, त्यात मोठा भाग खजिन्यातल्या पैशांचा होता.

तुकोगंज_वकील

बखरवाल्यांनी मुद्दा नेमका धरलाय. आजच्या कायद्यातही तीच रेघ आहे.

व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जोसेफ शाइन खटल्यात कलम ४९७ रद्द केलं. हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आजही आहे, पण ते पती-पत्नीच्या आपसातलं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात यावरून अपात्रता नाही. सरकारी नोकराला आचरण नियम लागतात, पहिली पत्नी असताना दुसरं लग्न केलं तर खातेनिहाय चौकशी बसते. विधायक-सांसदांना असा नियमच नाही. वार्ताहरांनी निलंबनाचं लिहिलंय त्यामागे हाच असमतोल आहे: अभियंत्याला नियम आहे, नेत्याला नाही.

मग नेता कायद्यात अडकतो कुठे? लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. विवाहित माणूस "घटस्फोट घेतोच आहे" म्हणत वर्षं काढतो, तेव्हा हेच कलम दारात येऊन उभं राहतं. पहिलं लग्न असताना दुसरं केलं तर कलम ८२, सात वर्षांपर्यंत. आणि निवडणुकीचा नमुना २६, म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र. त्यात स्वतःबरोबर पती किंवा पत्नी आणि अवलंबित यांची मालमत्ता, कर्ज, आयकर विवरण भरावं लागतं. दुसऱ्या घरी फ्लॅट घेऊन दिला, खर्च तुम्ही करताय, मुलं तुमच्यावर अवलंबून आहेत आणि रकाना कोरा ठेवलात, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, शिवाय निवडणूक याचिकेचा धोका वेगळा. उमेदवारानं आयुष्यातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट उघड करावी असं मात्र नाही. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारिखो क्री खटल्यात ते स्पष्ट केलंय. मतदाराच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय, हे बघितलं जातं.

आता धमकी आलेल्याने काय करायचं. हे सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच चुकतात.

पहिला हप्ता देऊ नका. पैसे दिले की प्रत परत मिळत नाही, फक्त पुढची रक्कम ठरते. चॅट, कॉल-रेकॉर्डिंग, क्रमांक यातलं काहीही पुसू नका. लाजेपोटी मोबाइल रीसेट करणारे स्वतःच्याच बचावाचा पुरावा नष्ट करतात. स्क्रीनशॉट जोडा, पण मूळ फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायचं. फाइल एकदा कापली, आवाज वाढवला किंवा फेरजतन केली तर हॅश बदलतं, आणि समोरचा वकील तिथेच पकडतो. तक्रार न्याय संहितेच्या खंडणीच्या कलम ३०८ खाली द्या, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांच्या आत थान्यात जाऊन सही करावी लागते. फीत पसरवणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि ६७अ. फक्त 'आलेलं पुढे पाठवलं' हा बचाव ६७अ मध्ये चालत नाही. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. कॉलनीच्या ग्रुपवर क्लिप टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

राजवाडा_चौक

वकीलसाहेब, वार्ताहरदादा, मनापासून आभार. तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. गुन्हा नाही, अपात्रता नाही, तरी एक जण जातो आणि एक टिकतो, हे कशावर ठरतं?

रेसिडेन्सी_वार्ताहर

बहुतेक वेळा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत तो काय बोलला यावर.

ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांनी २२ मार्च १९६३ला संसदेत उभं राहून सांगितलं की क्रिस्टीन कीलरशी आपले गैर संबंध नव्हते. तिचा संबंध सोव्हिएत नौदलाच्या एका अधिकाऱ्याशीही होता, म्हणून सुरक्षेचा प्रश्न होताच, पण ५ जूनला त्यांना जावं लागलं ते सभागृहाशी खोटं बोलल्याची कबुली देऊन. क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८मध्ये महाभियोग आला तो शपथेवर खोटी साक्ष आणि न्यायात अडथळा या दोन आरोपांवर. फेब्रुवारी १९९९मध्ये सिनेटनं त्यांना मुक्त केलं. खोटं नसतं तर आरोपपत्राला कलमच सापडलं नसतं.

उलट बाजूला फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद. जानेवारी २०१४मध्ये स्कूटरवरून अभिनेत्रीच्या भेटीला जातानाचे त्यांचे फोटो छापून आले. त्यांनी नाकारलं नाही, खासगी बाब खासगीतच सुटेल एवढंच म्हणाले आणि २०१७पर्यंत पदावर राहिले. तिथला समाज वेगळा आहे हे मान्य, पण खोटं पकडायला कुणाच्या हाती काही उरलं नव्हतं, हेही खरं.

आपल्याकडचं उदाहरण नारायणदत्त तिवारी. डिसेंबर २००९मध्ये एका तेलुगू वाहिनीनं फीत दाखवल्यावर त्यांनी आरोप नाकारला आणि आंध्रचं राज्यपालपद सोडलं. पितृत्वाचा दावा त्याआधीच कोर्टात होता. रक्ताचा नमुना द्यायला ते वर्षानुवर्षं नकार देत राहिले, शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो घेतला गेला, जुलै २०१२मध्ये अहवाल विरुद्ध आला आणि २०१४मध्ये त्यांनी मुलाला स्वीकारलं. जे पहिल्या दिवशी मान्य करता आलं असतं त्यासाठी सहा वर्षं कोर्टाच्या तारखा लागल्या, आणि त्या प्रत्येक तारखेला बातमी झाली.

सुदामानगर_ताई

इतकं सगळं वाचलं. एक गोष्ट सगळ्यांच्या लिखाणातून निसटतेय, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते.

मानसदादा, तुम्ही 'हसू सहीसाठी असतं' लिहिलंत ना, तिथेच थांबायला हवं होतं. ज्याच्या हातात तुमची बदली, तुमचं तिकीट, तुमच्या नवऱ्याचा ठेका आहे, त्याला 'नको' म्हणायची मोकळीक किती असते? अशा ठिकाणी जे घडतं त्याला आपण सरसकट 'लफडं' म्हणतो आणि दोघांना सारखंच मोजतो. संमती होती असं दिसतं तिथेही हे तपासायला हवं. कार्यालयातली कार्यकर्ती, टंकलेखिका, समाजमाध्यम सांभाळणारी मुलगी, यांच्या बाबतीत तर नक्कीच.

यासाठी २०१३चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. राजकारण्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना तो लागूच होत नाही असा समज पसरलाय, तो सरसकट बरोबर नाही. पक्षसंघटनेला मात्र अंतर्गत समिती सक्तीची नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२मध्ये म्हटलंय. कार्यालयात दहा किंवा जास्त माणसं नोकरीला असतील तर अंतर्गत समिती हवी. विधायकाच्या जनसंपर्क कार्यालयात बहुधा चार-पाच जणच असतात. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पगार नाही, मानधन नाही, स्वयंसेवक म्हणून काम आहे, तरी तक्रार करता येते.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तारीख इथे फार महत्त्वाची. बहुतेक तक्रारी घाबरून थांबण्यात हुकतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते, आणि त्या काळात तक्रारदार स्वतःची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. नाव, पत्ता, चौकशीतलं काहीही छापायला कायद्यानंच बंदी आहे. वार्ताहरदादा, ही बंदी तुमच्या सहकाऱ्यांना आठवण करून द्या, कारण 'त्या महिलेचा' गाव आणि नोकरी छापली की नाव न छापल्याचा काही उपयोग राहत नाही.

तक्रार लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. कायदा सहा प्रती मागतो, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. सातवी प्रत स्वतःची काढा, मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात आवक शाखेचा शिक्का आणि तारीख तिच्यावर घ्या, आणि ती प्रत त्या कार्यालयात, पक्षाच्या माणसाकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.